बाळंतिणीच्या खोलीतली हवा

एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा जानेवारी महिना. पौष संपत आला होता. मुन्शी घाटाच्या पायऱ्या उतरताना दत्तात्रेयच्या मनात एवढंच होतं की आजचं काम दुपारपर्यंत उरकावं आणि घरी येऊन गोधडीत शिरावं. खोकल्याने रात्रभर डोळा लागला नव्हता. आठवडाभर वाराणसीने सूर्य पाहिला नव्हता. धुक्यात खालच्या पायऱ्यांना नावा लागल्या आहेत की नाहीत, हे पाण्याच्या चुबुकचुबुक आवाजावरून ओळखावं लागत होतं.

सामान अवजड होतं. प्लायवूडची एक उंच फळी, तिच्या मधोमध बसवलेला अठरा इंची पंखा, फळीच्या कडांना शिवलेला कॅनव्हास, लाकडी पाचरी आणि काचेच्या नळीची पेटी. फळी उचलून नावेत ठेवताना मल्लाहाने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"बाबूजी, माघ लगने को है और आप पंखा लेके निकले हैं?"

"हवा नापनी है."

"हवा?" मल्लाह हसला. "हमारे घाट से ले जाइए. जितनी चाहिए, मुफत."

एरवी दत्तात्रेयनेही हसून काहीतरी उत्तर दिलं असतं. आज त्याने फक्त मफलर कानांवर ओढून घेतला.

बावीस वर्षं तो विद्यापीठाच्या कार्यशाळेत उपकरणं दुरुस्त करत होता. डिग्री नव्हती. एका प्रोफेसरांनी बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधून गार हवा कुठून निसटते ते मोजण्यासाठी ही फळी त्याच्याकडून बनवून घेतली होती. प्रोफेसर परदेशी गेले आणि फळी त्याच्यापाशी राहिली. मग डिक्शनरी शेजारी ठेवून त्याने त्यांची पुस्तकं एकेक पान वाचून काढली. हवा किती गळते, माणसाला तासाला किती लागते, निखाऱ्याला किती, सगळं स्वतःच शिकला. प्रत्येक कामाची नोंद तो वहीत करायचा. तारीख, वेळ, गारठा, वारा, आणि खोलीत त्या वेळी कोण कोण होतं तेही, कारण माणसाचा श्वाससुद्धा मोजमापात येतो. एकदा एका कोल्ड स्टोरेजच्या मालकाने आकडा जरा बरा लिहायला सांगितलं होतं. त्याने लिहिला नाही. त्या मालकाने पुन्हा बोलावलं नाही. बावीस वर्षांत वहीतला किंवा कागदावरचा एकही आकडा त्याने बदलला नव्हता.

आजचं काम बटाट्याचं नव्हतं. मागच्या रविवारी रामघाटावरचा विश्वेश्वर त्याच्याकडे आला होता. बँकेत नोकरीला, वय तिशीच्या आत, पण चेहऱ्यावर महिनाभराचं जागरण.

"काका, घरात दोघींची जुंपलीय," तो म्हणाला होता. "रुचाला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. आमच्या आईचं म्हणणं, बाळंतिणीची खोली चारी बाजूंनी बंद पाहिजे, खाटेखाली शेगडी पाहिजे, सव्वा महिना. वारा लागता कामा नये. आणि रुचाने अखबारात वाचलंय, कुठे तरी बंद खोलीत बोरसी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडीच, ठेवून झोपले आणि सकाळी दोघं गेलेले. ती म्हणते, मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. शेवटी दोघी एवढ्यावर राजी झाल्या, की तुम्ही मशीन लावून बघा. तुमचा कागद म्हणेल तसं."

"मी म्हणेन तसं?"

"तुम्ही नाही हो. कागद."

*

रामघाटाच्या गल्लीत घर तीन मजली, अरुंद, पण नुकतंच दुरुस्त केलेलं. भिंतींना नवा चुना, दारांना नवा हिरवा रंग. दारात विश्वेश्वरची आई, गंगाकाकू, उभी होती. साठीची, काटक बाई. कपाळ मोकळं, डोळे बारीक आणि तल्लख.

"या. कोल्ड स्टोरेजवाले ना तुम्ही? आमची सून बटाटा नाही हो, पण या."

"बटाट्यांची तरी आधी चौकशी होते, आई," जिन्याच्या वरच्या पायरीवरून आवाज आला. रुचा कमरेवर हात ठेवून उभी होती. नववा महिना लागलेला, पाय सुजलेले. शाल पोटावर पुरत नव्हती. "काका, नीट बघा हं. माझ्यासाठी नाही तर हिच्यासाठी." तिने पोटावर हात ठेवला. 'हिच्यासाठी' म्हणताना तिने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही म्हणे," गंगाकाकू पुटपुटली. "आत्ताच ठरवून मोकळी."

विश्वेश्वर फळी माजघरापर्यंत पोचवून, 'चार बजे तक आता हूँ' म्हणत बँकेत निघून गेला. रुचाला काकूने वर पडायला पाठवलं.

खोली माजघराला लागून होती. दहा फूट बाय नऊ फूट. गल्लीकडे एक खिडकी, भिंतीत वर एक झरोका, आणि माजघराकडचं दार. खिडकीच्या फटी, झरोका, तावदानं, सगळ्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. मैद्याची खळ अजून ओलसर होती. तिचा कच्चा वास येत होता, आणि त्याच्या खाली दुसरे, जुने वास होते. शेपा, ओवा, धूप, विझलेला कोळसा. मध्ये नवारीची एक खाट. तिच्यावर गादी नव्हती, फक्त उशाशी घडी घातलेलं एक दुपटं. खाटेखाली रिकामी शेगडी.

"पट्ट्या मी स्वतः लावल्यात," गंगाकाकू म्हणाली. "तेव्हा लावल्या होत्या तशाच. एक फट सोडली नाही."

"तेव्हा म्हणजे?"

"आधी तुमचं काम करा."

ती माजघरात पाटावर बसली आणि कापसाचं गाठोडं पुढे ओढून वाती वळायला लागली. दत्तात्रेयने फळी दाराच्या चौकटीत बसवली, पाचरी ठोकल्या, कॅनव्हास ताणला. तो स्वतः आत राहिला. फळीतल्या बारक्या भोकातून नळीचं एक टोक बाहेर सोडलं, दुसरं आत. काचेच्या तिरप्या नळीत लाल शाई घातलेलं पाणी होतं. ते शून्यावर आलं. त्याने वहीत लिहिलं. वेळ अकरा वाजून दहा. वारा नाही. खोलीत एक माणूस.

बिजली अकराला आली होती. किती वेळ राहील याचा भरवसा नव्हता. त्याने पंखा सुरू केला.

पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो. खोली बंद असेल तर आत हवा कमी पडते आणि पाणी नळीत वर चढतं. जितकी खोली घट्ट, तितकं पटकन. या खोलीत अर्ध्या वेगातच पाणी शेवटच्या खुणेला जायला हवं होतं. त्याने वेग वाढवला. पंखा घोंघावू लागला, कॅनव्हास फुगला, आणि पाणी पहिल्या खुणेपाशी अडून बसलं. त्याने पंखा पूर्ण वेगावर नेला. पाणी तिथेच.

म्हणजे जेवढी हवा पंखा बाहेर टाकत होता, जवळजवळ तेवढीच कुठून तरी आत येत होती. खिडकी सताड उघडी असल्यासारखी.

दत्तात्रेयने नळी तपासली. जोड तपासले. मग उदबत्ती पेटवली. फट असेल तिथे धूर वळतो, हे त्याचं जुनं साधन. खिडकीच्या चारी कडांवरून त्याने उदबत्ती मुंगीच्या चालीने फिरवली. धूर सरळ वर गेला. स्टुलावर चढून झरोक्याच्या पट्ट्यांवरून फिरवली. सरळ. फरशी आणि भिंत मिळतात ती रेघ गुडघ्यांवर बसून पाहिली. गुडघे कटकट वाजले. धूर सरळ. फळीच्या कडा, छताचे कोपरे, खुंटीची भोकं. कुठेच काही नाही. बारा वाजत आले होते. त्याला आता एवढंच वाटत होतं की कुठेतरी एखादी ढोबळ चूक सापडावी आणि आपण घरी जावं.

उठताना हात खाटेवरून गेला, आणि धूर वाकला.

तो थांबला. उदबत्ती परत मागे आणली. खाटेच्या उशाकडे, नवारीच्या वीतभर वर, धूर आडवा होऊन पंख्याकडे वाहत होता. कोणीतरी फुंकर घालत असल्यासारखा. त्याने उदबत्ती खाटेखाली धरली. तिथे धूर सरळ. पायथ्याशी धरली. सरळ. पुन्हा उशाशी. आडवा.

त्याने तळहात पुढे केला. बाहेर हाडं गोठवणारा गारठा होता. हाताला लागली ती हवा कोमट होती, दमट होती. तिला अगदी पुसट, आंबूस वास होता. दुधाचा.

तेवढ्यात बिजली गेली.

पंख्याची पाती फिरत फिरत थांबली. पट्ट्या लावलेल्या खोलीत उजेडाची तिरीपसुद्धा नव्हती. दत्तात्रेयने चाचपडत टॉर्च लावला. पंखा थांबला की त्याच्या भोकावर झाकण सरकवायचं आणि नळी शून्यावर येते का ते बघायचं, असा त्याचा नियम होता. नियम होता म्हणून हात चालले. झाकण सरकवलं. टॉर्चचा उजेड नळीवर धरला.

पाणी शून्यावर आलं. मग एक केसभर वर चढलं. थांबलं. खाली उतरलं, शून्याच्या खाली गेलं. थांबलं. पुन्हा वर.

आधी त्याला वाटलं, आपलाच हात थरथरतोय. त्याने पेटी फरशीवर ठेवली. पाणी चढत होतं, उतरत होतं. कानांवर खसफस आली म्हणून त्याने टॉर्च वर केला. झरोक्यावरच्या कागदाच्या पट्ट्या हळूच आत ओढल्या जात होत्या आणि हळूच बाहेर फुगत होत्या.

त्याने मनगटावरचं घड्याळ उजेडात धरलं आणि मोजलं. मिनिटाला सोळा.

माझाच श्वास असेल, त्याने स्वतःला सांगितलं. बंद खोलीत माझ्याच श्वासाने पाणी हलत असेल. त्याने तोंड मिटलं, नाक दाबलं, श्वास धरला. पाणी उतरलं... चढलं... आणि मध्येच थांबलं. खोलीत कोणीतरी कान देऊन ऐकावं, तसं थांबलं. त्याच्या छातीत खोकला दाटला. मग पाणी पुन्हा चढू लागलं, आता आणखी सावकाश.

"दत्तात्रेयराव..." फळीपलीकडून गंगाकाकूचा आवाज आला, कुजबुजल्यासारखा. "झालं का हो?"

"झालं," तो म्हणाला. पाचरी काढताना त्याला तीन वेळा हातोडी खाली ठेवावी लागली.

*

माजघरात कंदील लावला होता. भर दुपारी. गंगाकाकूच्या पुढ्यात वातींचा ढीग झाला होता. दत्तात्रेय समोर भिंतीला टेकून बसला आणि वहीत आकडेमोड केली. दोन वेळा केली. उत्तर तेच आलं. बाळंतीण, बाळ आणि शेगडी, तिघांना पुरून उरेल एवढी हवा त्या खोलीत येत होती.

"काय निघालं?" काकूने विचारलं. हातातली वात तिने वळायची थांबवली होती.

"थोडं बघतोय अजून. काकू, तेव्हा म्हणजे केव्हा?"

वर रुचाची पावलं वाजली, मग थांबली.

"एकसष्ट सालचा पौष," ती म्हणाली. "इंदू माझी धाकटी जाऊ. एकोणीस वर्षांची होती. याच खोलीत बाळंत झाली, मुलगा झाला. थंडी अशीच. ती म्हणायची, वहिनी, खिडकीतून वारा येतो, बाळाला सोसायचा नाही. म्हणून मी खळ केली आणि पट्ट्या लावल्या. एक फट सोडली नाही. शेगडी भरून दिली, धुरी दिली. पाचव्या दिवशी सकाळी दार वाजवलं तर..." तिने वात खाली ठेवली. "गाल लाल होते हो तिचे. झोपल्यासारखी. सगळे म्हणाले, कुठून तरी वारा लागला. मी पण म्हणाले, वारा लागला."

"आणि बाळ?"

"तेही गेलं होतं. लहान जीव, गंगेत सोडतात. पण तिच्या कुशीतून सुटेना. सासूबाईंनी तिची बोटं एकेक करून उघडली. त्याला नेलं तेव्हा तिला अजून उचललंसुद्धा नव्हतं. ती इथेच, खाटेवर. हात तसाच वाकलेला." काकूने स्वतःचा डावा हात बाळ धरल्यासारखा केला, आणि मग लाज वाटल्यासारखी तो पदराखाली घेतला. "तेहतीस वर्षं झाली. रुचाने अखबार वाचून दाखवला त्या दिवशी मला कळलं, ती काय म्हणतेय ते. तिला वाटतं मी हट्टी आहे. दत्तात्रेयराव, मला एवढंच पाहिजे की मशीनने सांगावं. पट्ट्या लावूनही खोलीत हवा येते, असं सांगावं. मग मी सुखाने मरेन."

वहीत तेच लिहिलेलं होतं. खरा आकडा होता. दोन वेळा पडताळलेला. तो कागदावर उतरवला असता तर ही म्हातारी तेहतीस वर्षांनी सुटली असती, आणि रुचा शब्दाला जागून, ठरल्याप्रमाणे, त्या खाटेवर बाळ घेऊन निजली असती. जिथून हवा येत होती बरोबर तिथे डोकं ठेवून.

जिन्यावर रुचा येऊन उभी राहिली होती. एका हाताने कठडा धरून, एका हाताने पोट.

"काका?" तिने विचारलं.

दत्तात्रेयने कोरा कागद घेतला. बावीस वर्षांचं पेन होतं. त्याने लिहिलं, 'खोलीत बाहेरची हवा अजिबात येत नाही. शेगडी पेटवल्यास आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका आहे. ही खोली वापरू नये.' खाली सही केली, तारीख घातली.

काकूने कागद चष्म्याशिवाय, दूर धरून वाचला. परत वाचला.

"म्हणजे... तेव्हा मीच?"

"तेव्हाचं मला मोजता येत नाही, काकू."

"सांगता येतं ना पण?"

त्याने वही मिटली. तिने कागदाची घडी घातली, कनवटीला लावली आणि उठली. कोनाड्यातलं मोठं पितळी कुलूप काढलं, खोलीला घातलं आणि किल्ली सुनेच्या हातात दिली. मग पाटावर बसून वळलेल्या वाती एकेक करून उकलायला लागली. रुचा तीन पायऱ्या उतरून तिच्याजवळ आली आणि तिथेच उभी राहिली.

परतीच्या नावेत दत्तात्रेयने वही उघडली. 'खोलीत एक माणूस' या नोंदीवर बोट ठेवून तो घाट येईपर्यंत बसून राहिला. ती ओळ खोडली नाही, दुरुस्तही केली नाही.

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रुचा बाळंत झाली. मुलगी. बाराव्या दिवशी बारशाचं बोलावणं आलं, विश्वेश्वर स्वतः आला. दत्तात्रेयला जायचं नव्हतं. खोकला छातीत उतरला होता आणि महिनाभर त्याने फळी भिंतीपासून हलवलीही नव्हती. पण न जाण्याला कारणही सांगता येईना.

ऊन पडलं होतं. रामघाटाची गल्ली धुतल्यासारखी दिसत होती. माजघरात बायका, घुगऱ्यांचा वास, वाळ्यांची किणकिण. पाळणा माजघराच्या कडीलाच टांगलेला होता, कारण घरात कडी तेवढी एकच. कुलूप लावलेलं हिरवं दार पाळण्यापासून दोन हातांवर होतं.

"नाव ठेवलंय ईशानी," रुचा म्हणाली. हे बारा दिवस ती वरच्या मजल्यावरच्या खोलीत, नदीकडची खिडकी उघडी ठेवून निजत होती. शेगडी बाहेर गच्चीत. चेहरा भरला होता. "काका, तुमच्या कागदामुळे आम्ही दोघी धडधाकट आहोत. डॉक्टर म्हणाले, वजन छान आहे, छाती एकदम साफ. आणि इतकी गुणी आहे! वर रडरड करते, खाली पाळण्यात आणली की गप्प. बारा दिवसांत इथे एकदाही रडली नाही."

"इथे आणलं की गप्प?"

"हो ना. ह्या दारापाशी."

गंगाकाकू पाळण्याची दोरी धरून बसली होती. महिन्याभरात दहा वर्षांनी थकली होती. तिने दत्तात्रेयकडे पाहिलं आणि मान हलवली, ओळख असल्यासारखी.

"काही विचारलं नाही मी पुन्हा," ती हळूच म्हणाली. "कागदावर आलं ते आलं."

त्याला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. कागद खोटा होता, काकू. पण मग हवा कुठून येत होती तेही सांगावं लागलं असतं.

पंगत वर गच्चीत मांडली होती. बायका एकेक करून वर गेल्या, रुचाला कोणी तरी ओवाळायला नेलं. काकू दोरी सोडून, 'जरा लक्ष ठेवा हो' म्हणून वाढायला उठली. माजघरात तो आणि पाळणा.

काकूच्या पूजेच्या तबकात पिंजलेला कापूस होता. त्याने दोन तंतू ओढून घेतले, कोळ्याच्या धाग्याइतके बारीक. मनाची खात्री करून घ्यायची आणि जायचं, एवढंच. दाराच्या कुलपाजवळ जुन्या किल्लीचं भोक होतं. एक तंतू त्याने भोकाच्या कडेला अर्धा आत, अर्धा बाहेर चिकटवला आणि वाट पाहिली.

तंतू आत ओढला गेला. सावकाश बाहेर आला. मिनिटाला सोळा. तेच होतं, तसंच होतं. त्याची त्याला आता जवळजवळ सवय झाली होती.

पण तंतूचं टोक मधल्या वेळेतही स्थिर नव्हतं. मोठ्या श्वासावर एक छोटा श्वास चढला होता. लगबगीचा, हलका. आत, बाहेर, आत, बाहेर. त्याने घड्याळ धरून मोजलं. बेचाळीस.

तो पाळण्याकडे वळला. ईशानी जागी होती. काजळ घातलेले मोठे डोळे, गुलाबी गाल, दुपट्याखाली छाती भराभर वरखाली होत होती. त्याने छाती मोजली. बेचाळीस. लहान मुलाचं एवढंच असतं, त्याने मनाशी म्हटलं. सगळ्याच मुलांचं एवढंच असतं. वर गच्चीत कोणीतरी मोठ्याने हसलं, ताटांचा आवाज झाला.

दुसरा तंतू त्याने चिमटीत धरला आणि वाकून तिच्या नाकाशी नेला. त्याची चिमूट कधी नव्हे ती अगदी स्थिर होती. छाती वरखाली होत होती. तंतू लोंबत राहिला. त्याने तो आणखी जवळ नेला, ओठांपाशी, नाकपुडीला जवळजवळ टेकेल इतका. छाती वर, छाती खाली. तंतू हलला नाही.

ईशानीने त्याच्याकडे पाहिलं, मुठी वर ताणल्या, आणि तोंड उघडून एक लांबलचक जांभई दिली.

चिमटीतला तंतू तसाच लोंबत होता. पाठीमागे, बंद दाराच्या भोकातला पहिला तंतू मात्र त्या जांभईसरशी सबंध आत ओढला गेला, बराच वेळ आत राहिला, आणि मग हळूहळू, समाधानाने, बाहेर आला.